फोर्टात ओळख पटलेल्या घुबडासाठी : मुंबईकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

ग्रेट निकोबार बंगालच्या उपसागराच्या पार टोकाला. पण तिथल्या एका घुबडाची ओळख पटली ती आपल्या फोर्टातल्या नमुन्यांवरून. १९६६ आणि १९७७ मध्ये बेटावरच्या कॅम्पबेल बे इथे मिळालेले दोन पक्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात होते. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली निकोबारच्या पक्ष्यांवर काम करत होते, तो हा काळ. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते नमुने बारकाईने तपासले आणि १९९८ मध्ये ही स्वतंत्र जात असल्याचे जाहीर केले. शास्त्रीय नाव ठेवले ओटस आलियस. लॅटिनमध्ये आलियस म्हणजे 'दुसरा'. (याच बाईंनी आदल्या वर्षी सहकाऱ्यांसोबत शहाद्याजवळ आपला रानपिंगळा, म्हणजे नामशेष मानले गेलेले एक छोटे घुबड, पुन्हा शोधून काढला होता, तब्बल ११३ वर्षांनी!)

निकोबारचे हे शिंगळा घुबड एवढेसे, तपकिरी, अंगभर बारीक पट्ट्यांचे. त्याच्याबद्दलची माहिती आजही एका पोस्टकार्डावर मावेल.

आणि त्याचे रान चालले आहे. बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर यांसाठी १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल वळते करायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. आपले अख्खे संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, यावरून अंदाज करा. तुटणारी झाडे ९.६४ लाख, हा आकडा सरकारनेच संसदेत दिलेला. भरपाईची झाडे लावायची ती हरियाणात! शिंगळा घुबड काड्या जमवून घरटे बांधत नाही, झाडाच्या ढोलीत अंडी घालते. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते. रोपांच्या रांगा लावून ती मिळत नाही.

आमचे पक्षिमित्र मंडळ लहान आहे. बंदर आम्ही थांबवू, असा आव आणत नाही. पण ज्या शहरात हा पक्षी ओळखला गेला, तिथल्या मुलांना त्याचे नावही माहीत नसावे, हे बरे दिसत नाही. खिडकीत घुबड बसले की अजून पाणी मारून हाकलणारी माणसे आपल्याच चाळींत आहेत. म्हणून १२ फलकांचे मराठी फिरते प्रदर्शन महापालिकेच्या शाळांत आणि गृहसंकुलांत न्यायचे ठरवले आहे.

एका फलकाची छपाई आणि चौकट मिळून २,००० रुपये धरले आहेत. कुणी अख्खा फलक द्यावा, कुणी ५० रुपये. पावती प्रत्येकाला मिळेल आणि हिशेब मंडळाच्या सूचनाफलकावर लागेल. या पैशातून कुणीही निकोबारच्या सहलीला जाणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. छापखाना असलेल्यांनी, चित्र काढणाऱ्यांनी, टेम्पो असलेल्यांनी पैशाऐवजी हात दिला तरी चालेल.

आणखी एक. १९६९ पासून ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. तुमचे कुणी काका, मामा, आत्या तिथे असतील, किंवा तुम्ही स्वतः तिथे नोकरी केली असेल, तर आम्हाला जरूर भेटा. रात्री तिथे घुबड कसे ओरडते आणि गावातली माणसे त्याला काय म्हणतात, तेवढे विचारायचे आहे.