भुरीच्या तापाविषयी

पुणे,
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी "डॉक्टर म्हणतात तरी काय?" असे विचारले, तेव्हा मी उगाच तुटक बोलले. सांगण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते, एवढेच त्याचे कारण. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मांजराचे हे पिल्लू, भुरी, पार्किंगमध्ये स्कूटरखाली भिजत बसलेले सापडले, त्याला पाच आठवडे झाले. मांजराचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते आणि १०२ पर्यंत कोणी त्याला ताप म्हणत नाही, पण भुरीचा पारा रोज संध्याकाळी १०४ च्या पुढे जातो. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. प्रत्येक वेळी ताप दोन दिवस उतरतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतो. रक्त, शी, एक्स-रे, ल्युकेमियाच्या विषाणूची चाचणी, सगळे झाले, तरी आजाराचे नाव सापडलेले नाही.

डॉक्टरबाईंना आता एफआयपी या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा संशय आहे. मांजरांमध्ये त्यांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू सर्रास आढळतो (आई, दचकू नकोस, तो माणसाला होत नाही) आणि बहुतेकींना त्याने फार तर हगवण लागते. क्वचित एखादीच्या पोटात तो रूप बदलतो आणि मग हा आजार होतो. पोटात पाणी झाले तर निदान सोपे जाते. भुरीसारख्या कोरड्या प्रकारात मात्र खात्रीने सांगणारी एकच अशी चाचणी नाही. पूर्वी यातून मांजर सहसा वाचत नसे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी नवे औषध दिलेल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगल्याचे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून चित्र पालटले. म्हणून आता औषध सुरू करून ताप उतरतो का ते पाहायचे, असे ठरले आहे. गुण आला तर ते ८४ दिवस, रोज ठरलेल्या वेळी, वजनाच्या हिशोबाने द्यावे लागेल. खर्चाचे कृपया विचारू नका.

वजनासाठी मी तिला पोळ्यांच्या डब्यात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. ती डब्याच्या कडेवर हनुवटी टेकून स्वस्थ बसते, आणि एवढ्या तापातही गुरगुरते, तेव्हा स्टीलचा डबा बारीक थरथरतो. काल ८९० ग्रॅम भरली. या वयाचे पिल्लू आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढायला हवे. हिचे या आठवड्यात ३० वाढले.

आई, तू सुचवलेली तापाची गोळी मात्र चुकूनही देता येणार नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. दूधही बंद आहे. कांदा-लसूण-मीठ न घालता शिजवलेले चिकन कोमट करून बोटाने भरवते, कारण कोमट अन्नाचा वास आला तरच ती तोंड उघडते.

औषध उद्यापासून सुरू होत आहे, त्यामुळे यंदा गणपतीला मला येता येणार नाही. बाबा, तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, म्हणजे मला दर्शन होईल.

कोणी पुण्याला येणार असेल तर आईच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे धुऊन पाठवावेत. माझ्याकडचे सगळे खराब झाले आहेत आणि टर्किशच्या टॉवेलात तिची नखे अडकतात.

तुमची लेक