ते छायाचित्र १८६० चे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या पेकिंगची, म्हणजे आजच्या बीजिंगची छायाचित्रे छापलीत, त्याबद्दल आभार. मात्र पहिल्याच छायाचित्राखाली ‘पेकिंगची वेस, १८६०, छायाचित्रकार फेलिचे बिआतो’ असे आहे. वेस ओळखली आहे बरोबर. ती झेंगयांगमेन, लोकांच्या तोंडी छियानमेन. साल आणि छायाचित्रकार दोन्ही चुकले आहेत. हे छायाचित्र १९१५ च्या आधीचे असूच शकत नाही, आणि ते कळायला वेशीच्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके, नीट पाहिल्या तरी पुरे.

त्या जंग्यांवर पांढऱ्या, कमानदार छज्ज्यांच्या भुवया आहेत. या वेशीच्या मुळात दोन इमारती: मागे मुख्य मनोरा, पुढे तिरंदाजांचा बुरूज. दोहोंना जोडणाऱ्या तटामुळे मध्ये एक बंदिस्त चौक तयार झाला होता. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजापुढे जिभी, म्हणजे आडोशाची भिंत, असते त्याच कामाचा, पण कितीतरी मोठा. १९१५ मध्ये रहदारीची कोंडी फोडण्यासाठी तेव्हाचे गृहमंत्री चू छीछ्येन यांनी तो जोडतट पाडायला लावला. आराखडा कर्ट रोथकेगेल या जर्मन वास्तुविशारदाचा होता. एकट्या उरलेल्या बुरुजाला त्याच कामात भुवया आणि सिमेंटचे कठडे मिळाले. बिआतोच्या कॅमेऱ्यासमोर त्या येणार कुठून?

या एका वेशीवरून पेकिंगच्या शेकडो छायाचित्रांचा काळ लावता येतो. जोडतट आहे आणि भुवया नाहीत, तर छायाचित्र १९१५ च्या आधीचे. १६ जून १९०० रोजी बॉक्सरांनी, म्हणजे परकीयांविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी, परदेशी औषधे विकणाऱ्या दुकानाला लावलेली आग पसरत जाऊन पुढचा बुरूज जळाला. त्याच वर्षी परकीय फौजा शहरात असताना मुख्य मनोराही गेला. त्यामुळे बोडका चौथरा दिसला तर १९०० नंतरची दोन-तीन वर्षे धरावीत. चौथऱ्यावर मनोऱ्याऐवजी रंगीत शोभेची कमान दिसली तर काम आणखी सोपे: जानेवारी १९०२ मध्ये राजमाता त्सशी राजधानीत परतली, तिच्या स्वागतासाठी जळक्या वेशीची लाज अशी झाकली होती. पुनर्बांधणी १९०३ पासून सुरू झाली. वेशीच्या पूर्वेला घड्याळाचा मनोरा असलेले रेल्वे स्थानक दिसत असेल तर १९०६ च्या अलीकडे या. ट्राम धावताना दिसली तर डिसेंबर १९२४ च्याही अलीकडे.

पुरुषांच्या पाठीवर वेणी दिसली की चित्र बादशाहीतले, अशी फार भिस्त ठेवू नये. १९११-१२ मध्ये बादशाही गेल्यावर वेण्या कापल्या गेल्या हे खरे, पण सगळ्यांनी एका दिवशी कापल्या नाहीत. खेड्यातून आलेला गाडीवान पुढे बरीच वर्षे वेणी राखून असे.

छायाचित्र उलटे छापले गेले आहे का, हेही तपासावे. काचेच्या निगेटिव्हची बाजू चुकली की डावे उजवे होते, आणि चिनी अक्षर न येणाऱ्याला दुकानांच्या पाट्यांवरून ते कळत नाही. अंगरखा पाहावा. चिनी झगा घालणाऱ्याच्या उजव्या कुशीला मिटतो. सगळ्यांच्या गुंड्या डाव्या कुशीला दिसल्या की चित्र उलटे. आपल्या पुरवणीतले बाजारपेठेचे चित्र असेच उलटे आहे.

पुरवणीतल्या लेखात पेकिंगबद्दल ‘काळोखे, निर्मनुष्य शहर’ असे शब्द आले आहेत. हा दोष शहराचा नाही, काचेचा आहे. स्कॉटिश छायाचित्रकार जॉन थॉमसनने १८७१ मध्ये पेकिंगमध्ये काम केले ते ओल्या कलोडियनने, म्हणजे काचेवर पसरायच्या एका चिकट द्रवाने. काच घासून तिच्यावर कलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटे बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांत. पेकिंगच्या कोरड्या वाऱ्यात थर लवकर सुकतो, मग कडेने चित्र उमटतच नाही. धूळ चिकटली की आकाशात टाचणीएवढी भोके. ही काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देते. म्हणून आकाश कोरे पांढरे येते, आणि राजवाड्याच्या शेंदरी भिंती व पिवळी कौले दोन्ही काळपट. कॅमेऱ्याचे भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागते, तेवढ्यात चालणारी माणसे पुसली जातात. उरतो तो उभा राहिलेला हमाल किंवा बसलेला भिकारी. त्याच शहराचे खरे रंग पाहायचे असतील तर फ्रेंच छायाचित्रकार स्तेफान पासेने १९१२-१३ मध्ये आल्बेर कान या धनिकासाठी घेतलेल्या ऑटोक्रोम, म्हणजे सुरुवातीच्या रंगीत छायाचित्रांच्या, काचा पाहाव्यात. बटाट्याच्या रंगवलेल्या स्टार्चकणांतून आलेले ते लाल-पिवळे पाहिले की ‘काळोखे’ हा शब्द कोणी वापरणार नाही.

बिआतो १८६० मध्ये पेकिंगला होता हे निर्विवाद. लखनौची उद्ध्वस्त सिकंदरबाग टिपून तो इंग्रजी फौजेबरोबर चीनला गेला. पण खुद्द त्याच्या मथळ्यांवरही विसंबू नये. जळण्यापूर्वीचे ‘युआनमिंगयुआन’ हे बादशाही उद्यान म्हणून त्याने विकलेले तीन मजली मंडपाचे छायाचित्र प्रत्यक्षात शेजारच्या छिंगयीयुआन उद्यानातल्या वनछांग मंडपाचे आहे. तो मंडप पुढे पुन्हा बांधला तो दोनच मजल्यांचा, म्हणून आज जागेवर जाऊन ताडणाऱ्याचाही गोंधळ होतो.

मूळ प्रत आणि पुनर्मुद्रण यांतला फरक दहापट भिंगाने कळतो. ओळीत बसवलेले ठिपके दिसले तर ती छापखान्याची प्रत. अळीसारखी वेडीवाकडी रेघोटी दिसली तर कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून छापलेली प्रत. थॉमसनचे १८७३-७४ चे चार खंड असेच छापले होते. दोन्ही नसून कागदाचे तंतू आणि वर अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पिवळट झाक दिसली तर आल्ब्युमेन प्रत.

ताडून पाहायला साहित्य घरबसल्या मिळते. थॉमसनच्या काचा लंडनच्या वेलकम संग्रहात, सिडनी गॅम्बलची छायाचित्रे ड्यूक विद्यापीठात, आणि १९३३ ते १९४६ पेकिंगमध्ये राहिलेल्या हेडा मॉरिसनची हार्वर्डच्या येनचिंग ग्रंथालयात आहेत. यापुढे मथळ्यात संग्रहाचे नाव आणि निगेटिव्हचा क्रमांक छापावा. जागा नसेल तर साल गाळावे, क्रमांक गाळू नये. पहिल्या चित्राच्या दुरुस्तीत ‘१९१५ नंतर, छायाचित्रकार अज्ञात’ एवढे छापले तरी चालेल.

आपले,
जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम करणारे वाचक, पुणे