सातवीचा दाखला हातात पडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झालेली मुले जूनमध्ये आठवीसाठी हायस्कूलला येतात. घरची तयारी बहुधा दप्तर, बूट आणि वह्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. आम्ही आठवीच्या वर्गांवर शिकवणारे शिक्षक आणि रजिस्टर लिहिणारे लिपिक आहोत. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. एप्रिलमध्ये कागद, मे महिन्यात गणित आणि रस्ता, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

शाळा सोडल्याचा दाखला ही प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या एका नोंदीची नक्कल असते. तीच नोंद हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये उतरते, पुढे दहावीला बोर्डाच्या अर्जात जाते आणि गुणपत्रिकेवर छापून येते. त्यामुळे चूक सुधारायची सर्वांत सोपी वेळ म्हणजे मूल अजून सातवीच्या पटावर असतानाची. माध्यमिक शाळा संहितेनुसार नाव, जात किंवा जन्मतारीख यांतला बदल विद्यार्थी शाळेत शिकत असेपर्यंतच होतो आणि त्यालाही शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. शाळा सोडल्यानंतर उघड लेखनदोष सोडला तर बदल करून घेणे फार जिकिरीचे होते. ‘तुम्हीच घाला की तेवढा काना’ असे पालक हायस्कूलच्या लिपिकाला सांगतात, पण दाखल्यात आहे त्याहून वेगळे अक्षर लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने लिहिलेच, तर पुढे जात पडताळणीत ती खाडाखोड म्हणून पुढे येते.

म्हणून निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेटून रजिस्टरमधली नोंद वाचून घ्यावी. सोबत जन्मदाखला, मुलाचे आधार कार्ड आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवावा. पहिली गोष्ट नावाची. विद्यार्थ्याचे, वडिलांचे आणि आडनाव ही तिन्ही पूर्ण आहेत का, की पहिलीत घालताना घरातले लाडाचे नाव लागून गेले आहे? आईच्या नावाच्या रकान्यात कुणाचे माहेरचे नाव असते, कुणाचे सासरचे. ते आईच्या आधारप्रमाणे असावे. जन्मतारीख अंकात आणि अक्षरात अशी दोनदा लिहिलेली असते. दोन्ही वाचाव्यात, कारण अंकात ‘०६’ आणि अक्षरात ‘जुलै’ असे घोळ निघतात. (जुन्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असे, तो गुरुजींच्या सोयीचा. आता जन्मदाखला असताना तसे चालत नाही.) जन्मस्थळात गाव, तालुका, जिल्हा तिन्ही हवेत आणि बाळंतपण आजोळी झाले असेल तर आजोळचे गाव हवे.

सगळ्यात महाग पडतो तो जातीचा रकाना. काही नोंदींत नुसते ‘हिंदू’ असते, काहींत जातीच्या जागी आडनाव, काहींत पोटजातच जात म्हणून लिहिलेली. वडिलांच्या आणि आजोबांच्या दाखल्यावर जे शब्द आहेत ते मुलाच्या नोंदीशी ताडून पाहावेत. जातीच्या प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथून प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे त्यांच्या प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल, मिळतो. हे काम आठवीच्या सुट्ट्यांत केले तर सवडीने होते. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभे राहून करायचे म्हटले, तर आठवडे पुरत नाहीत.

संगणकावरची बाजूही आहे. दाखल्यावर विद्यार्थ्याचा सरल या राज्याच्या पोर्टलवरचा स्टुडंट आयडी आणि यू-डायस या केंद्राच्या पोर्टलवरचा अकरा अंकी पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) लिहिलेला आहे ना, हे पाहावे. जुन्या शाळेने मुलाला सातवी उत्तीर्ण दाखवून ऑनलाइन मोकळे केले नाही, तर नव्या शाळेला ते पोर्टलवर ओढून घेता येत नाही. मूल जूनपासून आमच्या बाकावर, आणि नाव मात्र जुन्याच शाळेत! संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, आधार जुळलेलेच विद्यार्थी धरले जातात, त्यामुळे आधारसाठी शाळा पालकांमागे लागते तेव्हा तो लिपिकाचा छंद नसतो. आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि लिंग रजिस्टरशी जुळले नाही तर अपार क्रमांकही (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) तयार होत नाही. गडबड बहुधा इंग्रजी स्पेलिंगची. ‘ज्ञानेश्वरी’ कुठे डी-एन-वाय, कुठे जी-वाय, कुठे डी-एन. एक स्पेलिंग ठरवावे, ते आधारवर घ्यावे आणि बँक खाते, जातीचे प्रमाणपत्र, बोर्डाचा अर्ज सगळीकडे तेच लिहावे. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन पुन्हा द्यावे लागते. १५ ते १७ या वयात ते मोफत आहे. ही वेळ नेमकी नववी-दहावीत येते.

दाखल्यापायी प्रवेश अडवला जातो, त्याबद्दल. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा लागू आहे. मागितल्यावर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणे, देणगी मागणे, हेही याच कायद्यात मना आहे. कुणी मागितलीच, तर लेखी मागा म्हणावे आणि तो कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावा. तोंडी तक्रारीवर काहीही होत नाही.

उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिल लागल्यावरच काढावा. त्यावर मुदत ३१ मार्चपर्यंत छापलेली असते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला दाखला जूनला बाद ठरण्याची भीती. आणि जूनपर्यंत थांबू नये, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रावर तोबा गर्दी होते. आठवीत हा दाखला का लागतो, ते पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि सातवीला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात. पैसे मुलाच्या खात्यात येतात, म्हणून खाते मुलाच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे. नुसते आधारची झेरॉक्स बँकेत देऊन भागत नाही. सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार त्या खात्याशी संलग्न झाले का, हे बँकेत विचारून खात्री करावी. दोन बँकांत खाती असली तर पैसे जातात एकात आणि घरचे शोधत बसतात दुसऱ्यात.

आता अभ्यास. मे महिन्यात आठवीची पुस्तके आणून पहिला धडा पाठ करून घेणारे घर असते. त्यात फारसा उपयोग नाही. आठवीच्या गणिताचा पहिलाच पाठ परिमेय व अपरिमेय संख्यांचा, पाठोपाठ घातांक, विस्तारसूत्रे, अवयव. तिथे मूल अडते ते नव्या सूत्रामुळे नव्हे. ते ऋण संख्यांच्या वजाबाकीत आणि भिन्न छेदांच्या अपूर्णांकांत अडते. तपासणी सोपी आहे. कोऱ्या कागदावर ही चार उदाहरणे द्या: ३/४ वजा ५/६, −७ वजा −१२, १५३६ भागिले २४, ०.६ गुणिले ०.०५. उत्तरे अनुक्रमे −१/१२, ५, ६४ आणि ०.०३. जिथे चुकेल तेवढाच भाग पाचवी-सहावीच्या पुस्तकातून रोज अर्धा तास घ्यावा. २० पर्यंतचे वर्ग आणि १० पर्यंतचे घन तोंडपाठ असावेत. एवढे झाले तर दिवाळीपर्यंत गणित अंगावर येत नाही.

सेमी इंग्रजीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. सातवीपर्यंत सगळे मराठीत शिकलेल्या मुलाला आठवीत एकदम सेमीत बसवण्याचा आग्रह, केवळ शेजारच्याने बसवले म्हणून, धरू नये. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून वाचायचे म्हणजे प्रश्न कळायलाच वेळ जातो. मूल तोंडी उदाहरण पटकन सोडवते आणि पेपर कोरा देते, त्याचे कारण बहुतेकदा हेच. तरीही सेमीच हवे असेल तर सुट्टीत सातवीचेच गणित इंग्रजी पुस्तकातून वाचून घ्यावे, कारण उत्तर माहीत असले की शब्द लवकर बसतात. रोज दहा शब्द, तेही वाक्यात. मराठी माध्यमातून दहावीला उत्तम गुण मिळवून विज्ञान शाखेत टिकलेली मुले आम्ही दर वर्षी पाहतो.

संपूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, हा प्रश्नही प्रवेशाच्या खिडकीवरच विचारला जातो आणि पालक गुणांकडे पाहून पटकन खूण करतात. संयुक्त घेतले तर दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या गुणांच्या. संस्कृतमध्ये पाठांतर करणाऱ्याला गुण मिळतात हे खरे. पण आठवीत न घेतलेले संस्कृत नववीत धरायचे तर पाया नसतो. मुलाला विचारून आत्ताच ठरवावे.

शिस्तीचा धक्का वेगळाच असतो. प्राथमिक शाळेत एक गुरुजी किंवा बाई दिवसभर वर्गात असतात, मुलाचा चेहरा पाहून ओळखतात. इथे ३५-४० मिनिटांच्या तासाला शिक्षक बदलतात आणि प्रत्येकाची वही, प्रत्येकाचा गृहपाठ निराळा. पहिले दोन महिने मुले हमखास चुकीच्या दिवशी चुकीची वही आणतात. वेळापत्रक घरात भिंतीला लावून रात्रीच दप्तर भरायची सवय लावली की हा गोंधळ ओसरतो आणि दप्तरही हलके राहते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे हा नियम आहे, म्हणजे ३८ किलोच्या मुलाला पावणेचार किलो. दुसरे, सातवीपर्यंत मागे राहण्याची फारशी धास्ती नव्हती. आता आठवीच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत. नापास झाले तर पुरवणी परीक्षा, आणि तीही हुकली तर पुन्हा आठवीच.

प्रवासाची पाहणी मे महिन्यातच करावी. शाळेच्या वेळेला, म्हणजे शाळा साडेदहाची असेल तर त्याच गाडीने, मुलाला घेऊन एकदा जाऊन यावे. गाडी शाळा भरल्यावर पोहोचत असेल तर गावातल्या सगळ्या मुलांची यादी, शाळेची वेळ आणि ग्रामपंचायतीचे पत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना जून उजाडण्याआधी भेटावे. वेळापत्रक लागल्यावर फेरी हलवणे त्यांनाही अवघड जाते. मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मुलग्यांना तो एक तृतीयांश भाड्यात मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत गरजू मुलींना आठवीपासून सायकलीसाठी अनुदानही आहे. त्याचा अर्ज शाळेतच मिळतो. त्याच फेरीत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, तक्रारपेटी कुठे आहे, मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीत कोण आहे, हे आईने पाहून यावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक मुलांना पाठ असावा.

राहिली खरेदी. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात आणि शालेय पोषण आहारही आठवीपर्यंत आहे, म्हणून मेमध्ये संच विकत घेण्याची घाई नको. तो खर्च नववीसाठी राखावा. वह्या विषयशिक्षकांनी सांगितल्यावर घ्याव्यात, नाहीतर दोनशे पानी चौकटीची वही पडून राहते. एका वस्तूवर मात्र दहा-वीस रुपये जास्त घालावेत, ती म्हणजे कंपासपेटी. स्वस्त कर्कटकाचा स्क्रू ढिला असतो, कंस काढताना त्रिज्या सरकते आणि चौकोनाची रचना बरोबर करूनही शेवटचा बिंदू जुळत नाही. मूल समजते आपल्याला भूमिती येत नाही.

आमची एक सूचना प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जवळच्या हायस्कूलचा एक शिक्षक आणि लिपिक सातवीच्या वर्गावर पाठवावा. त्याच दिवशी प्राथमिक शाळेने प्रत्येक मुलाच्या दाखल्याची कच्ची प्रत पालकांच्या हाती द्यावी. पालकांनी ती घरी नेऊन कागदांशी ताडावी, चूक असल्यास लाल शाईने खूण करून आठ दिवसांत सही करून परत द्यावी. दुरुस्तीचे प्रस्ताव मग एकत्रच शिक्षण विभागाकडे जातील. याला वेगळा निधी लागत नाही, पटापुरते कोरे कागद लागतात.

आपले,
आठवीच्या वर्गांचे काही शिक्षक व शालेय लिपिक,
जि. सातारा