आयर्लंडच्या उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र: कंपन्या आल्या, माणसं आली, आता राहायचं कुठे ते पण सांगा

माननीय उद्योगमंत्री, आयर्लंड सरकार, यांस
स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे, पण काळजी करू नका, तुमच्या खात्यात नाहीतर समोरच्या एखाद्या अमेरिकन कंपनीत कोणी ना कोणी जोशी किंवा पाटील सापडेलच, त्याला कॉफी पाजा, तो वाचून दाखवेल. आणि खरं सांगायचं तर हे पत्र जेवढं तुम्हाला आहे तेवढंच पुण्या-नाशकात ऑफर लेटर हातात धरून "दादा, डब्लिनला येऊ का?" असं विचारणाऱ्या पोरापोरींना पण आहे. ह्या मेसेजेसना काय उत्तर द्यायचं हे मला हल्ली कळेनासं झालंय, म्हणून म्हटलं थेट तुम्हालाच विचारावं.

आधी कौतुक, आणि मनापासून कौतुक. आपल्याकडे बऱ्याच लोकांना वाटतं की आयर्लंडने टॅक्स कमी केला आणि कंपन्या पळत पळत आल्या. एवढं सोपं असतं तर प्रत्येक छोट्या देशाने केलं असतं की. १९५० च्या दशकात हा देश रिकामा होत चालला होता, गावंच्या गावं बोटीत बसून इंग्लंडला मजुरीला जायची (कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, आपली बोट फक्त मुंबईला जायची). तेव्हा १९५८ साली टी. के. व्हिटेकर नावाच्या तुमच्या अर्थखात्याच्या सचिवाने सरळ लिहून दिलं की दारं बंद करून बसायचं धोरण फसलंय, बाहेरचं भांडवल आत येऊ द्या. मंत्र्यांनी नाही, एका सरकारी बाबूने, आणि मंत्र्यांनी ते ऐकलं पण! १९५९ मध्ये शॅनन एअरपोर्टला लागून फ्री झोन (म्हणजे करात सवलत मिळणारा कारखान्यांचा पट्टा) काढला, कारण जेट विमानं आली होती, त्यांना अटलांटिक ओलांडायच्या आधी शॅननला उतरून इंधन भरायची गरज उरणार नव्हती, म्हणजे एअरपोर्ट ओस पडणार हे दिसत होतं. पडायच्या आधीच कामाला लागले. १९६७ पासून माध्यमिक शाळा फुकट केल्या, १९७३ मध्ये युरोपियन इकॉनॉमिक कम्युनिटीत शिरले. मग १९८० मध्ये कॉर्कला ॲपल, १९८९ मध्ये लेक्सलिपला घोड्यांच्या स्टड फार्मच्या जागेवर इंटेल, २००३ मध्ये गूगल, २००८ मध्ये फेसबुक. सगळं मिळून ५० वर्षांचं काम आहे हे. महाराष्ट्राच्या पाव भागाएवढी पण जमीन नाही आणि माणसं पुणे जिल्ह्यापेक्षा कमी, तरी अमेरिकेतली जवळजवळ प्रत्येक मोठी टेक आणि फार्मा कंपनी इथे आहे.

टॅक्सचं पण सांगतो, कारण तिथे लोकांचं नेमकं काय चुकतं ते बघण्यासारखं आहे. १९५० च्या दशकात एक्स्पोर्टच्या नफ्यावर सूट दिली, मग मॅन्युफॅक्चरिंगला १० टक्के, मग २००३ पासून बहुतेक सगळ्यांना १२.५ टक्के. दर कमी होताच, पण मला विचाराल तर कमी असण्यापेक्षा न बदलणं जास्त कामाला आलं. २०१० मध्ये बँका बुडाल्या, आयएमएफ आणि युरोपकडून ६७.५ अब्ज युरोचं बेलआउट कर्ज घ्यायची वेळ आली, फ्रान्स-जर्मनी मागे लागले की कॉर्पोरेट टॅक्स वाढवा, आणि गळ्यापर्यंत कर्जात असताना पण तुमच्या सरकारने तो आकडा हलू दिला नाही. पगार कापले, पेन्शनला हात लावला, पण १२.५ तो १२.५. हे सामान्य आयरिश माणसाच्या जिवावर झालं हे मला माहितीये, पण बोर्डरूममध्ये बसलेल्या अमेरिकन माणसाने त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं.

आता मात्र ते हत्यार बोथट झालंय. २०२४ पासून ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना किमान १५ टक्के लागू झाले, आणि युरोपातल्या बहुतेक देशांनी पण तेच केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयर्लंडने ॲपलला दिलेल्या करसवलतीच्या केसचा युरोपियन कोर्टात शेवटचा निकाल लागला, ॲपलकडून १३ अब्ज युरो अधिक व्याज आयर्लंडने वसूल करायचे. (जगात हा एकच देश असेल जो आम्हाला हे पैसे नकोत म्हणून आठ वर्षं कोर्टात भांडला आणि हरल्यामुळे श्रीमंत झाला.) आणि एवढं होऊन पण कंपन्या कुठे गेल्या नाहीत. म्हणजे त्या टॅक्ससाठी आल्या असतील पण राहिल्यात दुसऱ्याच कशासाठी तरी. तुमची आयडीए, म्हणजे १९४९ पासून परदेशी कंपन्यांना बोलावून आणणारी तुमची संस्था, स्वतःच ते कारण जिथे तिथे सांगत असते, टॅलेंट. इंग्रजी बोलणारा, युरोपियन युनियनमधला देश आणि जगभरातून आलेली शिकलेली माणसं. तर साहेब, ते टॅलेंट म्हणजे आम्ही. तुमच्या २०२२ च्या जनगणनेत ४५ हजारांच्या वर भारतीय नागरिक निघाले, त्याच्या सहा वर्षं आधी साडेअकरा हजारांच्या आसपास होते, आणि वर्क परमिट सगळ्यात जास्त आम्हालाच मिळतात. आता आमचं रोजचं कसं चाललंय ते ऐका.

डब्लिनमध्ये घर भाड्याने घ्यायचं म्हणजे काय ते तुम्ही कधी बघितलंय का, म्हणजे मंत्री म्हणून नाही, साधा रांगेत उभा राहून? वेबसाइटवर जाहिरात पडते, दहा मिनिटांत मेल टाकला नाही तर विषय संपला, शंभर मेल टाकल्यावर तीन-चार व्ह्यूइंगची, म्हणजे घर बघायला यायची, बोलावणी येतात. तिथे पोचलं की घराच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत लाइन, बहुतेक सगळे पंचवीस-तिशीतले, सगळ्यांच्या हातात फाइल, त्यात पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, आधीच्या लँडलॉर्डचं रेफरन्स. भारतातून आठवड्यापूर्वी उतरलेल्या पोराने आधीच्या आयरिश लँडलॉर्डचं रेफरन्स आणायचं कुठून हे कोणी सांगत नाही. पाच-पाच मिनिटं आत सोडतात. मी एकदा आत गेलो तर बेडरूमच्या खिडकीखाली बुरशीचा काळा पट्टा, त्यावर ताजा पांढरा रंग मारलेला आणि रंगातून पट्टा परत वर आलेला, आणि माझ्या मागच्या जोडप्यातली बाई एजंटला म्हणतेय, आम्ही सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो. वन बेडरूमला दोन हजार युरो महिना, ते पण शोधावं लागतं. बायको-पोरांना भारतात ठेवून सहा-सात महिने चौघांत एक बाथरूम वापरत राहणारे सीनिअर इंजिनिअर माझ्या ओळखीत आहेत, पगार सांगितला तर त्यांच्या गावाकडे कोणाचा विश्वास बसणार नाही.

तुम्ही म्हणाल हे भाडेकरूंचं रडगाणं आहे, गृहनिर्माण खात्याकडे पाठवा. नाही ना, हे तुमच्याच खात्याचं आहे, कसं ते सांगतो. आमच्या टीममध्ये एक जागा निघाली, पुण्याच्या ऑफिसमधली एक मुलगी सिलेक्ट झाली, एकदम हुशार, परमिटचे कागद सुरू. तिने आठवडाभर भाड्याच्या साइट बघितल्या, दोन लहान मुलांसाठी शाळा आणि क्रेशची (पाळणाघराची) वेटिंग लिस्ट विचारली आणि नम्रपणे नाही म्हणाली. दुसरा पण नाही म्हणाला. मग मॅनेजरने ती जागाच पुण्याला हलवली, आणि एकदा एक हलवून काम नीट होतंय दिसल्यावर पुढच्या जागा पण आपोआप तिकडेच निघायला लागल्या. कुठे बातमी नाही, कोणी आंदोलन केलं नाही, कारण कोणाची नोकरी गेलीच नाही, ती इथे कधी जन्मालाच आली नाही. पुणेकर म्हणून मला आनंद व्हायला हवा, होतो पण थोडा. पण इथे टॅक्स भरणारा म्हणून सांगतो, तुमच्या आकड्यांत हे कुठेच दिसत नसणार.

आणि आकड्यांचं तर तुमच्याकडे वेगळंच प्रकरण आहे. २०१५ मध्ये तुमचा जीडीपी एका वर्षात २६ टक्के वाढला, कारण मोठ्या कंपन्यांनी पेटंट वगैरे मालमत्ता कागदावर इकडे आणली, जग हसलं आणि तुमच्याच सांख्यिकी खात्याला खरा आकडा कळावा म्हणून वेगळं मोजमाप काढावं लागलं. कॉर्पोरेट टॅक्सचं पण तसंच, २०२४ मध्ये ॲपलचे पैसे सोडून २८ अब्ज युरो आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त फक्त दहा कंपन्यांकडून. दहा! त्यातल्या एखाद दुसऱ्या कंपनीचं काही बिनसलं किंवा वॉशिंग्टनमध्ये कोणाचा मूड फिरला तर काय होईल? लिमरिकच्या लोकांना विचारा, २००९ मध्ये डेलने कॉम्प्युटर बनवायचं काम पोलंडला नेलं आणि १९०० नोकऱ्या गेल्या. थोडे पैसे बाजूला टाकून तुम्ही दोन फंड काढलेत ते चांगलंच केलंत, पण देशात घरं, पाणी, वीज कमी असताना फंडात पैसे आहेत ह्याचं समाधान मला तरी कळत नाही.

वीज म्हटलं म्हणून, २०२४ मध्ये देशातल्या मीटरवरच्या विजेपैकी २२ टक्के डेटा सेंटरांनी खाल्ली, २०१५ मध्ये हे ५ टक्के होतं. डब्लिनच्या ग्रिडवर नवीन डेटा सेंटरला वर्षानुवर्षं जागा नव्हती. शॅनन नदीचं पाणी डब्लिनला आणायच्या पाइपलाइनवर किती वर्षं नुसत्या बैठका चालल्यात, एअरपोर्टला अजून ट्रेन नाही. २०२४ च्या निवडणुकीआधी सांगत होतात की वर्षात ४० हजारांच्या जवळ घरं होतील, झाली ३० हजार. आणि त्याच वर्षी संसदेच्या आवारात १८ सायकलींची शेड बांधली, ३ लाख ३६ हजार युरोला! त्या शेडला धड भिंती पण नाहीत. मला नेहमी वाटतं की पैसा नसलेला आयर्लंड जास्त हुशारीने वागायचा.

आता एक गोष्ट जी लिहायला नको वाटते पण लिहितो. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरात एका भारतीय माणसाला टोळक्याने मारहाण केली, मग एकामागून एक प्रकार समोर आले, आपल्या दूतावासाने ऑगस्टमध्ये भारतीयांसाठी सुरक्षेची सूचना काढली, डब्लिनचा इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी निषेध केला, शेजारच्या आयरिश काकूंनी आमच्या घरी केक आणून दिला, बहुतेक लोक असेच आहेत हे मी कुठेही सांगेन. पण त्या वेळी "हे आले म्हणून आम्हाला घरं मिळत नाहीत" हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकलं की ते नुसतं गुंडांचं राहिलं नाही. पंधरा हजारांहून जास्त माणसं इमर्जन्सी निवाऱ्यात राहतायत, त्यांचा राग कुठेतरी निघणारच, तो बसस्टॉपवर उभ्या असलेल्या भारतीय नर्सवर निघतो, घरं न बांधणाऱ्यांवर नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या अशोक वराडकरांचा मुलगा, लिओ वराडकर, ज्या देशाने दोनदा पंतप्रधान केला त्याच देशात आमची आई व्हिडिओ कॉलवर "रात्री उशिरा बाहेर पडू नको रे" म्हणते.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि नवीन पण नाही, तुमच्याच इतिहासातलं आहे. शॅननचा फ्री झोन काढला तेव्हा कारखान्यांत येणाऱ्या लोकांना राहायला आसपास घरं नव्हती. मग काय केलं? ड्रमगीलीला फ्लॅट बांधले, आणि त्यातून अख्खं शॅनन टाउन उभं राहिलं. फ्री झोनसाठी नेमलेल्या त्याच संस्थेने, पुढच्या काही वर्षांतच. कारखाना आणायचा विभाग वेगळा, घराचा वेगळा, पाण्याचा वेगळा, असं म्हणत बसले नाहीत, आणि तेव्हा देशाच्या तिजोरीत आजच्या मानाने काहीच नव्हतं. आता तुम्ही रिबन कापून ३०० नोकऱ्यांची घोषणा करता तेव्हा त्याच प्रेस नोटमध्ये लिहा ना की ह्या ३०० माणसांना घरं कुठल्या वर्षी आणि त्या घरांना वीज-पाणी कुठून. ॲपलच्या पैशातून कुठल्या गावात किती घरं उभी राहिली त्याचं एक साधं पान दर महिन्याला टाका, आम्ही वाचू. आणि सगळं डब्लिनमध्येच कोंबू नका, लिमरिक आहे, गॉलवे आहे, वॉटरफर्डला तर कोणी विचारतच नाही.

मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेला तुमचे मंत्री जगभर जातात, मुंबईत आता तुमचं कॉन्सुलेट पण आहे. पुढच्या वेळी तिथल्या हॉटेलात हिरव्या टायवाल्या माणसाने आयर्लंडवर प्रेझेंटेशन दिलं की प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतून कोणीतरी भाडं आणि शाळेचं विचारणारच, मी तशी सोयच करून ठेवलीये. तेव्हा स्लाइड तयार ठेवा.

आपला,
डब्लिनमधला एक मराठी भाडेकरू

ता.क. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथे बदलून मिळत नाही, थिअरी टेस्टपासून परत सुरुवात आणि मग ड्रायव्हिंग टेस्टच्या तारखेची वाट. हे तुमच्या खात्यात येत नाही माहितीये, पण कॅबिनेटमध्ये शेजारी बसणाऱ्याला सांगा. ज्याने पंधरा वर्षं स्वारगेटच्या चौकातून गाडी काढलीये त्याला रिकाम्या रस्त्यावर राउंडअबाउट शिकायला तुम्ही तासाप्रमाणे पैसे मोजायला लावताय.