मुक्काम वाढला, परतीची वाट मात्र अडली : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. आता न्यू जर्सीत राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसाची कमाल सहा वर्षे केव्हाच उलटली. आय-१४० (माझ्या ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीनकार्डच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या रांगेत नाव आहे, आणि कंपनी दर तीन वर्षांनी एक्स्टेंशन (इथल्या मुक्कामाची मुदतवाढ) घेते म्हणून मी इथे आहे. हे पत्र ग्रीनकार्ड लवकर मिळावे म्हणून लिहीत नाही. एक्स्टेंशन हातात असूनही ज्यांना आईवडिलांना भेटायला मायदेशी यायची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

रांग किती लांब आहे हे आपल्याला सांगायला नको. आपण डिसेंबर २०१३ मध्ये राजदूत म्हणून वॉशिंग्टनला आलात. बरोबर बारा वर्षांनी, डिसेंबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणारे अमेरिकेचे मासिक पत्रक), ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटातल्या भारतीयांची तारीख मे २०१३ च्या मध्यापर्यंतच आली होती. म्हणजे आपण रुजू झालात त्या महिन्यात ज्यांचे अर्ज दाखल झाले, त्यांचीही पाळी अजून यायची होती. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीनकार्डे, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, असा कायदा आहे. तो बदलणे अमेरिकी काँग्रेसच्या हाती. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ही मर्यादा काढण्याचे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला मसुदा संमत केला, पण दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळे बारगळले. त्यात आपण फार काही करू शकणार नाही, हे आम्हाला कळते.

आम्ही तरून आहोत ते २००० सालच्या एका तरतुदीमुळे. आय-१४० मंजूर असेल आणि केवळ देशाच्या मर्यादेमुळे ग्रीनकार्ड अडले असेल, तर सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांचे एक्स्टेंशन मिळते. लेबर सर्टिफिकेशन (त्याआधी लागणारा अमेरिकी कामगार खात्याचा दाखला) किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील, तर एकेक वर्षाचे. घर, नवरा किंवा बायकोची एच-४ वरची (कुटुंबीयांच्या व्हिसावरची) नोकरी, ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत, मुलांची शाळा, सगळे या एका कागदावर उभे असते.

आणि हा कागद निम्मेच काम करतो. एक्स्टेंशन मंजूर झाले की आय-७९७ हे मंजुरीपत्र येते. त्यावर इथे राहता येते, नोकरी करता येते. पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत मात्र त्याने वाढत नाही. देशाबाहेर पाऊल टाकले की परत यायला दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद किंवा कोलकात्यातल्या अमेरिकी कचेरीत पासपोर्टवर व्हिसाचा नवा स्टॅम्प घ्यावा लागतो. पूर्वी बऱ्याच जणांना मुलाखतीविना, ड्रॉपबॉक्समधून (नुसती कागदपत्रे जमा करून) तो मिळे. काहीजण तिसऱ्या देशात जाऊन घेत. सप्टेंबर २०२५ पासून हे दोन्ही मार्ग जवळपास बंद झाले. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ च्या प्रत्येक अर्जदाराच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या ठरलेल्या अपॉइंटमेंट्स एकाएकी कित्येक महिने पुढे गेल्या. लग्नाला, आजारपणाला, नाताळच्या सुट्टीत आलेली माणसे अडकली. आपल्या मंत्रालयाने ही बाब अमेरिकेपुढे मांडली, याबद्दल मनापासून आभार.

पण अडकणे म्हणजे लांबलेली रजा नव्हे. अनेक कंपन्या करांच्या आणि डेटा सुरक्षेच्या कारणाने भारतात बसून काम करू देत नाहीत. रजा संपते, मग पगार थांबतो, घराचा हप्ता थांबत नाही. समजा नोकरी गेली. आय-१४० मंजूर असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, सहसा टिकते, पण परतायला नवी कंपनी लागते. आणि सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनुसार, जो अमेरिकेबाहेर आहे आणि ज्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नाही, त्याच्यासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीला १,००,००० डॉलर भरावे लागतात. अमेरिकेत राहून एक्स्टेंशन घेणाऱ्याला ही रक्कम लागू नाही. तोच माणूस, तोच अनुभव, रांगेतली तीच जागा; फरक इतकाच की तो आईच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आला होता. मंत्रिमहोदय, ही शिक्षा आहे, आणि ती भेटीला येणाऱ्याला होते.

म्हणून लोक येतच नाहीत. गणपतीला, फराळाला आम्ही जमतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘स्टॅम्प कधीपर्यंत आहे?’ ज्याचा संपला आहे तो गप्प बसतो. वडिलांचे दहावे-तेरावे मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत. ती रडतात तेव्हा काय बोलावे, ते मला अजून सुचत नाही.

यावर उपाय आहे, आणि त्यासाठी अमेरिकेला नवा कायदा करावा लागत नाही. जुलै २००४ पर्यंत अमेरिकेचे परराष्ट्र खाते अमेरिकेतच व्हिसाचे नूतनीकरण करत असे. बोटांचे ठसे सक्तीचे झाले तेव्हा ती सोय थांबली. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या संयुक्त निवेदनात ती प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा आणण्याचा उल्लेख आला, आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये २०,००० अर्जांपुरता प्रयोग झालाही. अर्ज ऑनलाइन, पासपोर्ट टपालाने, मुलाखत नाही. त्या प्रयोगाची कायमची सोय व्हायला हवी होती. ती झाली नाही.

अमेरिकेशी होणाऱ्या पुढच्या मंत्रिस्तरीय बैठकीत हा विषय आपण स्वतः घ्यावा, अशी विनंती आहे. सगळ्यांसाठी जमत नसेल तर ज्यांचा आय-१४० मंजूर आहे आणि एक्स्टेंशनही मंजूर झाले आहे, त्यांच्यापासून सुरुवात व्हावी. यांचे ठसे अमेरिकेकडे आहेत. दर एक्स्टेंशनला यांची कागदपत्रे नव्याने पाहिली जातात. सोशल मीडिया तपासायचा असेल तर जरूर तपासावा, कुणाची हरकत नाही. पण माणूस इथे कामावर असताना तपासावा. अमेरिकी कंपन्यांचेही यात हितच आहे, तेव्हा हे मागणे एकतर्फी नाही.

तोवर दोन गोष्टी व्हाव्यात. जवळच्या नातलगाचा मृत्यू किंवा गंभीर आजार यांसाठी पाचही ठिकाणी रोज काही अपॉइंटमेंट्स राखून ठेवाव्यात, असा आग्रह धरावा. दुसरी पूर्णपणे आपल्या हातातली : मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलवर स्टॅम्पिंगसाठी अडकलेल्यांची वेगळी नोंद सुरू करावी. कोण किती महिने अडकले, कुणाची नोकरी गेली, कुणाची मुले तिकडे एकटी आहेत, हे आज कुठेच एकत्र लिहिलेले नाही. वाटाघाटीला बसताना ती यादी आपल्यापुढे असली, तर समोरच्यांना ‘काही तुरळक तक्रारी’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

माझ्या स्वतःच्या पासपोर्टमधला स्टॅम्प संपलेला आहे. आई सांगलीत आहे, तिचे वय झाले आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
न्यू जर्सीतील एक मराठी अभियंता