टायटॅनियम, कूलंट आणि अंबडची शेड

आखेन, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

धातू कापण्यात संशोधन करण्याजोगे अजून काय उरले आहे आणि त्याचा नाशिकजवळच्या अंबडमधल्या आपल्या मशीनच्या शेडला काय उपयोग, असे तुम्ही फोनवर विचारले होते. दादा मध्येच बोलू लागला आणि उत्तर अर्धवट राहिले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझे सगळे काम उष्णतेभोवती फिरते. दादा रोज कापतो त्या साध्या पोलादात कापताना निर्माण होणारी बरीच उष्णता चिपबरोबर, म्हणजे सुटणाऱ्या धातूच्या कातणाबरोबर, निघून जाते. विमानांत आणि खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत टायटॅनियमचा जो मिश्रधातू वापरतात, त्याची उष्णतावाहकता मात्र साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी असते. त्यामुळे उष्णता टूलच्या धारेपाशीच साचते, धातू धारेला चिकटतो आणि महागडा इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा बदलता येणारा धारेचा तुकडा, बघता बघता झिजून जातो. म्हणून कार्बाइडच्या टूलने टायटॅनियम कापताना वेग साधारणपणे मिनिटाला 60 मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. ओझरच्या विमान कारखान्यासारख्या ठिकाणी ज्यांनी असे भाग केले आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली की वेग 30 ते 40 टक्के वाढवता येतो, हे अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. कूलंटचा, म्हणजे टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवाह आपण तेव्हापासून वापरत आलो आहोत. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याऐवजी उणे 196 अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन बारीक नळीतून थेट धारेवर सोडतो. तो लगेच वायू होऊन हवेत मिसळतो, त्यामुळे चिप कोरडी आणि स्वच्छ राहते. मात्र एका लिटरचा जवळजवळ 700 लिटर वायू होतो आणि बंद खोलीत त्याने प्राणवायूचे प्रमाण घटते, म्हणून मशीनशेजारी प्राणवायू मोजणारे यंत्र लावलेले असते आणि त्याची घंटा वाजली की सर्वांनी बाहेर पडायचे, असा सक्त नियम आहे. ठरावीक कट झाले की इन्सर्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून धारेखालची झीज मोजायची, आणि ती सरासरी 0.3 मिलिमीटर झाली की टूल संपले असे मानायचे. दिवसाचा बहुतेक वेळ या मोजणीतच जातो. "मशीन चालवायला गेलीस की भिंगातून बघायला?" ही आईची थट्टा अगदीच चुकीची नाही.

नायट्रोजनने टूलचे आयुष्य वाढल्याचे निबंध पुष्कळ निघतात, पण तो द्रवरूप करायला लागणारी वीज त्यांतल्या अनेकांच्या हिशेबात दिसत नाही, हे मला खटकते. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी त्याची भांडी असतात, तेव्हा तो मिळणे अशक्य नाही; पण चार मशीनच्या शेडला तो परवडेल असे मला वाटत नाही.

अंबडला उपयोगी पडेल ती दुसरी पद्धत आहे. तिच्यात मिनिटाला कित्येक लिटर कूलंट ओतण्याऐवजी तासाला साधारण 50 मिलिलिटरपर्यंतच तेल दाबाच्या हवेबरोबर तुषाररूपाने धारेवर जाते. सुट्टीनंतर शेड उघडताच टाकीत सडलेल्या कूलंटचा जो वास येतो, ते वापरलेले कूलंट नियमाप्रमाणे निकालात काढण्याची जी कटकट असते आणि तुमच्या बोटांना वर्षानुवर्षे ज्या भेगा पडत होत्या, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी त्या ओतल्या जाणाऱ्या कूलंटमध्येच आहे. टायटॅनियमवर ही पद्धत दर वेळी पुरी पडत नाही आणि खोल भोकातली चिप तिने नीट बाहेर येत नाही, पण साध्या पोलादाच्या आणि ॲल्युमिनियमच्या अनेक कामांना ती चालते. तुषार छातीत जाऊ नयेत म्हणून ते ओढून घेणारा पंखा मात्र लागतोच. ते पैसे वाचवू नयेत, असे दादाला बजावून सांगा.

आणखी एक काम आहे. दादाने झिजलेले इन्सर्ट भंगारात न टाकता वेगवेगळ्या पुड्यांत ठेवावेत आणि प्रत्येक पुडीवर जॉबचा धातू, वेग, फीड (टूल पुढे सरकण्याचे प्रमाण) आणि कटाची खोली लिहावी. आमच्या प्रयोगशाळेतली झीज नेटक्या परिस्थितीतली असते. विजेचा दाब खालीवर होत असताना आणि मशीनच्या जुन्या स्पिंडलवर (फिरत्या दांड्यावर) धार कशी झिजते, हे मला त्या पुड्यांवरूनच पाहायचे आहे. दिवाळीत घरी येईन तेव्हा त्या घेऊन जाईन.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार.

आपली,
मृणाल