पाळीचा विटाळ बंद, हा ठराव आमच्या ग्रामसभेत कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावची. पेपरला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ आहे. विषय मासिक पाळीचा आहे, तेवढ्यासाठी बाजूला ठेवू नका ही विनंती.

मागच्या रविवारी पोरीला घेऊन जयसिंगपूरला बाजाराला गेले होते. येताना मेडिकलमध्ये पॅडचा पुडा मागितला. काउंटरवरच्या पोरानं आधी मागं उभारलेली माणसं जाऊ दिली, मग खालून पुडा काढला, पेपरात गुंडाळला, वरनं काळी पिशवी घातली आणि माझ्याकडं न बघताच हातात दिली. तो पेपर तुमचाच होता. त्या पोराचाही दोष नाही, त्याला मालकानं तसंच शिकवलंय आणि आम्ही बायकाही इतकी वर्षं तसंच मागत आलोय. पण एसटीत बसल्यावर पोरगीनं विचारलं, आई हे आपण चोरून आणलंय का? ती बारा वर्षांची आहे, दोन महिन्यांमागंच तिला पाळी सुरू झाली. मला उत्तर देता आलं नाही, आणि तवापासनं डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडं पाळी हा शब्द कुणी तोंडातनं काढत नाही. कावळा शिवला, बाहेरची झाली, लांब बसली, अडचण आहे, हे सगळं चालतं पण पाळी आली म्हणायचं नाही. मला तेराव्या वर्षी आली तेव्हा न्हाण केलं होतं, मखरात बसवलं, गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला आल्या, मावशीनं हिरवी साडी आणली, ओटी भरली, म्हणजे अख्ख्या गावाला कळलं की हिला पाळी आली. आणि पुढच्याच महिन्यापासनं सांगायला लागले की भावाला कळू देऊ नकोस, बापाच्या समोर जाऊ नकोस, देव्हाऱ्याकडं बघू नकोस, लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस नाहीतर बुरशी धरते. पहिल्यांदा आली तर सण आणि दुसऱ्यांदा आली तर विटाळ, हे त्या वयात मला कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजून कळलेलं नाही.

लांब बसायचं म्हणजे आमच्या माहेरी गोठ्याशेजारच्या सोप्यात. वेगळं ताट, वेगळा तांब्या, पोत्यावर झोपायचं. कुणी पाणी वरनं ओतलं तर प्यायचं. यात सगळ्यात वाईट काय असेल तर कापड वाळवणं. जुन्या लुगड्याचे तुकडे असायचे, ते धुवायचे पण कुणाला दिसायला नकोत म्हणून दोरीवर टाकायचे नाहीत, कुठंतरी कौलाखाली किंवा गोवऱ्यांच्या मागं दडवायचे. आई सांगायची की त्याच्यावरनं साप गेला तर पोर होत नाही. पावसाळ्यात ते कापड चार चार दिवस ओलंच, आणि तेच परत वापरायचं. खाज यायची, जांघा सोलून निघायच्या, पांढरं जायचं, आणि हे सांगायचं कुणाला? आता आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर सांगतात की कापड वापरलं म्हणून काही वाईट नाही, साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलं तर सुती कापड चांगलंच असतं. म्हणजे इन्फेक्शन कापडानं होत नव्हतं, ते दडवल्यानं होत होतं. कपड्याला ऊन मिळू दिलं असतं तर आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं दुखणं वाचलं असतं.

आता २०१९ च्या पुराचं सांगते कारण माझ्या डोक्यातला विटाळ तिथं गेला. ऑगस्टमधला तो पूर कोल्हापूर सांगलीत कुणी विसरलेलं नाही, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, आमचं गाव तर सगळंच बाहेर काढलं. आम्ही नऊ दिवस एका शाळेत होतो, एका वर्गात चाळीसभर बायका आणि पोरं. दुसऱ्याच दिवशी मला पाळी आली, आणखी दोघीतिघींची तीच गत. आता लांब बसायचं तर कुठं बसायचं, बाहेर पाणी आणि आत पाय ठेवायला जागा नाही. आमच्या आत्ती म्हणजे सासूबाई, ज्यांनी लग्नानंतर पंधरा वर्षं मला चार दिवस चुलीकडं येऊ दिलं नव्हतं, त्या माझ्या शेजारीच अंगाला अंग लावून झोपल्या. मदतीचे टेम्पो येत होते, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी, साड्या, लोकांनी भरभरून दिलं त्याचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही. एका टेम्पोत पॅडचे बॉक्स होते. कॉलेजचा एक पोरगा दारात उभारून ओरडला, सॅनिटरी पॅड कुणाला पाहिजेत? सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या. मीही. गरज होती, समोर वस्तू होती, फुकट होती, आणि एकीचा पण हात वर झाला नाही. तेव्हा आत्तीच म्हणाल्या, हिकडं दे रं बाळा, पोरींची अडचण हाय.

त्या नऊ दिवसांत त्याच हातांनी आम्ही सगळ्यांचा स्वयंपाक केला, कुणाच्या पोटात दुखलं नाही, कुठला देव कोपला नाही. पण घरी आलो, चिखल काढला, सप्टेंबर उजाडताच गणपती आले, मागोमाग गौरी आल्या, आणि मला परत बाहेरच्या खोलीत बसवलं.

गौरीवरनं आठवलं. गौरी-गणपतीच्या नाहीतर जोतिबाच्या यात्रेच्या आधी मेडिकलमध्ये जाऊन बघा, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या किती खपतात ते. नोरेथिस्टेरॉनच्या गोळ्या, ज्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात त्या नुसतं नाव सांगितलं तरी मिळतात. ज्या बाईला रक्तात गुठळ्या व्हायचा त्रास असेल तिला त्या धोक्याच्या असतात, पण ते विचारायला समोर डॉक्टर असतो कुठं? माझी एक जाऊ वर्षातनं तीनदा घेते, का तर घरातली पूजा चुकायला नको. पुरुषांनी हे एकदा तरी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण बहुतेक घरात नवऱ्याला हे माहितीच नसतं.

आमच्या शिवारात दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे चारला बायका फडात असतात, पालावर न्हाणीघर नाही, पाणी लांबनं आणायचं, पाळी असो काही असो मोळी उचलायचीच, एक खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पेपरात वाचलं तेव्हा मला वाटलं बीडचा प्रश्न आहे. नंतर लक्षात आलं की त्या बायका ऊस तोडतात ते आमच्याच रानात. त्यांना अंगावरचं दुखणं वेळेत सांगायला कुणी नव्हतं, विश्रांती नव्हती, धुवायला पाणी नव्हतं, मग कुणीतरी सांगतं पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटली. पालावर एक आडोसा आणि पाण्याचं पिंप द्यायला आम्हा शेतकऱ्यांना किती खर्च येतो? आम्ही यंदा दिलं. एवढं करायला आमच्या घराला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये पॅडवरचा बारा टक्के जीएसटी गेला, त्याच वर्षी अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयात आठ पॅडचा पुडा द्यायचं ठरलं, जनऔषधी केंद्रात २०१९ पासनं एक रुपयाला एक पॅड मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींचं बघितलं तर स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण २०१५-१६ ला ५७.६ टक्के होतं ते २०१९-२१ ला ७७.३ टक्क्यांवर गेलं. पॅड गावापर्यंत पोचलं, हे खरंच चांगलं झालं. पण ते वापरणारी पोरगी अजून बाहेरच्या खोलीतच बसते.

शाळेचं काय बोलायचं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाळीचं चक्र चित्रासकट छापलंय, पण माझ्या पुतण्याच्या वर्गात सरांनी तो भाग घरी वाचून घ्या म्हणून सोडून दिला. आणि जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे काढून तपासणी केली, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. शिकलेल्या बाईला पोरींच्या रक्ताचा एवढा राग का यावा? हे रक्त घाण नाही. पोटात बाळ राहिलं तर त्याच्यासाठी गर्भाशय आतनं जे अस्तर तयार करतं ते, बाळ राहिलं नाही की सुटून बाहेर येतं, एवढंच आहे. तुम्ही आम्ही सगळे त्याच अस्तरात रुजून जन्माला आलोय. साधारण २१ ते ३५ दिवसांनी येणं, दोन ते सात दिवस राहणं हे नॉर्मल, त्याच्याबाहेर काही असेल तर डॉक्टरकडं जायचं. हे मला चाळिशीत कळलं. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्त कमी आहे, आणि आम्ही पाळीतल्या पोरीला हे खाऊ नको ते खाऊ नको करत बसतो.

आता मुख्य मुद्दा. आपलं कोल्हापूर हे शाहू महाराजांचं. गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं, विटाळ होईल म्हणून लोक तिथं चहा पिईनात, तर महाराज स्वतः तिथं थांबून त्यांच्या हातचा चहा प्यायले, ही गोष्ट आपण पोरांना अभिमानानं सांगतो. आणि त्याच जिल्ह्यात घरच्या सुनेच्या हातचा चहा महिन्यातले चार दिवस चालत नाही. शब्दसुद्धा तोच आहे, विटाळ.

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीत, ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. लोक म्हणतात ठरावानं काय होतंय. होतंय. ठरावानं मन लगेच बदलत नाही पण ज्या बाईला नाही म्हणायचंय तिला धरायला काहीतरी मिळतं, गावानं ठरवलंय असं ती सासरी सांगू शकते. मग पाळीचा विटाळ पाळायचा नाही, कुणाला वेगळं बसवायचं नाही, शाळेत मुलांना मुलींना एकत्र बसवून हे शिकवायचं, शाळेच्या बाथरूमला पाणी, कडी आणि झाकणाचा डबा पाहिजे, ऊसतोडीच्या पालावर आडोसा पाहिजे, असा ठराव का नाही होऊ शकत? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, आमच्याकडं ती कागदावर सह्या घेऊन उरकतात.

पुरुषांचा विषय नाही असं कुणी म्हणू नका. आमच्या मालकांना मी पॅड आणायला सांगितलं तेव्हा ते आधी दोनदा मेडिकलवरनं परत आले, गर्दी होती म्हणाले. तिसऱ्यांदा आणलं. आता पोरगी स्वतः त्यांना सांगते, पप्पा पुडा संपलाय. ते आणतात, पेपर नको म्हणून सांगतात. भांडण तंटा काही झालं नाही घरात.

माझ्या मुलीला पाळी आली तेव्हा मी आत्तींना म्हटलं, ही लांब बसणार नाही. त्या दोन दिवस गप्प होत्या, माझ्याशीही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा करताना नातीला हाक मारली, अगं तांब्याभर पाणी आण. ती जागची हलेना, तिला मैत्रिणींकडनं कळलं होतं की चालत नाही. आण म्हणाल्या, मी सांगतोय न्हवं.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून आम्ही बचत गटातल्या बायकांनी ग्रामसेवकांकडं लेखी अर्ज दिलाय, आणि त्याआधीची महिला सभा खरोखर बसून घ्या असंही त्यात लिहिलंय. तुम्ही हे पत्र छापलं तर बाकीच्या गावातल्या बायकांनाही अर्ज देता येईल. शीर्षकात पाळी शब्द राहू द्या, काढू नका. अर्जावर आतापर्यंत अकरा जणींच्या सह्या झाल्यात, पहिला अंगठा आमच्या आत्तींचा आहे.

आपली,
एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर